व्हीएममधल्या कंटेनरमध्ये वेब अ‍ॅप चालू आहे, पण लॅपटॉपच्या ब्राउझरला दिसत नाही. शोध कुठून सुरू करावा?

पाऊलवाट

मांडणी अशी आहे: लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स, त्यात उबुंटू सर्व्हरची व्हीएम (लॅपटॉपच्या आत चालणारा आभासी संगणक), व्हीएममध्ये डॉकर (प्रोग्राम वेगळ्या, बंदिस्त कंटेनरमध्ये चालवणारं साधन) आणि डॉकरच्या कंटेनरमध्ये फ्लास्कवर लिहिलेलं छोटं वेब अ‍ॅप. व्हीएमचं नेटवर्क नॅटवर आहे, म्हणजे ती लॅपटॉपच्या आडून बाहेर बोलते. कंटेनर सुरू करताना ८०८०:५००० असं पोर्ट (व्हीएमचं ८०८० कंटेनरच्या ५००० ला) दिलंय आणि व्हर्च्युअलबॉक्सच्या पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये लॅपटॉपचं ८०८० व्हीएमच्या ८०८० ला जोडलंय.

ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट:८०८० टाकलं की लगेच 'कनेक्शन रीसेट झालं' असा संदेश येतो. 'डॉकर पीएस'मध्ये कंटेनर चालू दिसतो, पोर्टही दिसतं. लॉगमध्ये एरर नाही, पण रिक्वेस्ट आल्याचीही नोंद नाही. व्हीएमचा आयपी १०.०.२.१५ आहे, लॅपटॉपवरून त्याला पिंग केलं तर उत्तर येत नाही. व्हीएमची फायरवॉल बंद करून पाहिली, इमेज पुन्हा बिल्ड करून पाहिली. फरक शून्य.

मला नुसतं 'हे बदला' असं उत्तर नकोय. नेमकं कुठे अडलंय हे आपलं आपल्याला ओळखता येईल अशी पद्धत हवी आहे, कारण पुढच्या वेळी वेगळंच काहीतरी अडणार.

---

तळटीप

पिंगचं आधी बाजूला काढू. व्हर्च्युअलबॉक्सच्या साध्या नॅटमध्ये १०.०.२.१५ हा पत्ता फक्त त्या व्हीएमपुरता असतो. दुसरी व्हीएम केली तर तिलाही बहुधा हाच पत्ता मिळेल, आणि दोघी एकमेकींना दिसणार नाहीत. लॅपटॉपकडून तिकडे जायला मार्गच नाही, म्हणून पोर्ट फॉरवर्डिंग लागतं. तेव्हा पिंगचं उत्तर न येणं अपेक्षितच आहे, त्यावरून काहीच निष्कर्ष काढू नका.

पद्धत म्हणाल तर एकच: ब्राउझरकडून आत जाऊ नका, अ‍ॅपकडून बाहेर या. आधी कंटेनरच्या आत बसून अ‍ॅपला हाक मारा. मग व्हीएमच्या शेलमधून. शेवटी लॅपटॉपवरून. प्रत्येक ठिकाणी 'कर्ल -व्ही' (रिक्वेस्ट पाठवून सगळा तपशील दाखवणारी कमांड) वापरा, ब्राउझर नको. ब्राउझर कॅश करतो, आपणहून एचटीटीपीएसकडे वळतो आणि मूळ एरर स्वतःच्या शब्दांत सांगतो. ज्या दोन टप्प्यांच्या मध्ये उत्तर बदलतं, दोष त्या दोघांच्या मध्ये.

आणि एरर नीट वाचा. 'चालत नाही' ही माहिती नाही.

'कनेक्शन रिफ्यूज्ड' म्हणजे पॅकेट यंत्रापर्यंत पोहोचलं, पण त्या पोर्टवर कोणी ऐकत नाही (क्वचित फायरवॉलने उघड नकार दिलेला असतो). टाइमआउट म्हणजे पॅकेट वाटेत कोणीतरी गिळलं: फायरवॉल, चुकीचा पत्ता किंवा परतीचा मार्ग नाही. ४०४, ४००, ५०२ यातलं काहीही आलं तर नेटवर्क शाबूत आहे, खुशाल अ‍ॅपकडे किंवा मध्ये एनजिनएक्ससारखा वेब सर्व्हर असेल तर त्याच्याकडे वळा.

तुमच्याकडे आलंय ते 'रीसेट', आणि ते सगळ्यात बोलकं आहे. ऑपरेटरने फोन उचलला, पण आतल्या एक्स्टेंशनवर कोणी नव्हतं, असा तो प्रकार. लॅपटॉपच्या ८०८० वर व्हर्च्युअलबॉक्स स्वतः ऐकत असतो आणि कनेक्शन स्वीकारतो. आत अ‍ॅप आहे की नाही हे त्याला नंतर कळतं. व्हीएमच्या आत डॉकर-प्रॉक्सीही तसंच करतो. म्हणून 'टेलनेट लागतंय, म्हणजे पोर्ट उघडं आहे' हे अशा मांडणीत खरं धरू नका. मधला कोणीतरी उघडा आहे, एवढंच त्यातून कळतं.

तिन्ही ठिकाणची उत्तरं इथे टाका. इमेजमध्ये कर्ल नसेल तर ते इन्स्टॉल करत बसू नका. 'डॉकर इन्स्पेक्ट'मधून कंटेनरच्या मुख्य प्रोसेसचा पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) घ्या आणि व्हीएमवरून 'एनएसएंटर'ला तो पीआयडी आणि नेटवर्क नेमस्पेसचा (कंटेनरच्या वेगळ्या ठेवलेल्या नेटवर्कचा) -एन पर्याय द्या. त्यापुढे जी कमांड लिहाल ती व्हीएमवरची असते, पण तिला नेटवर्क कंटेनरचं दिसतं. 'एसएस -एलटीएन' (कोणत्या पोर्टवर कोणी ऐकतंय ते दाखवणारी कमांड) तिथे चालवा आणि ५००० ची ओळ जशीच्या तशी द्या.

---

पाऊलवाट

केलं.

कंटेनरच्या नेटवर्कमधून कर्ल १२७.०.०.१:५००० वर: २००, पूर्ण पान आलं.
व्हीएमवरून १२७.०.०.१:८०८० वर: 'कनेक्शन रीसेट बाय पीअर'.
लॅपटॉपवरून: तेच.

एसएसची ओळ: लिसन, १२७.०.०.१:५०००.

---

तळटीप

मिळालं. पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्याच्या मध्ये उत्तर बदललं, म्हणजे व्हर्च्युअलबॉक्सचा यात काही संबंध नाही.

प्रत्येक कंटेनरला स्वतःचं नेटवर्क नेमस्पेस असतं, म्हणजे स्वतःचं लूपबॅकही (यंत्राचा स्वतःशीच बोलायचा पत्ता, १२७.०.०.१). तुमचं अ‍ॅप कंटेनरच्या लूपबॅकवर ऐकतंय. डॉकरने पब्लिश केलेली रिक्वेस्ट मात्र कंटेनरच्या ईथ० वर (त्याच्या बाहेरच्या नेटवर्क जोडणीवर) येते, पत्ता १७२.१७.०.२ सारखा काहीतरी. तिथे कोणीच नाही. तीन यंत्रणांमध्ये तीन लोकलहोस्ट आहेत, आणि ते एकमेकांना ओळखत नाहीत.

फ्लास्क रनला होस्ट ०.०.०.० द्या, म्हणजे तो सगळ्या पत्त्यांवर ऐकेल. फ्लास्क डीफॉल्टने १२७.०.०.१ वर ५००० धरतो, जँगोचा रनसर्व्हर १२७.०.०.१ वर ८०००, वीट (Vite, जावास्क्रिप्टचा डेव्हलपमेंट सर्व्हर) लोकलहोस्टवर ५१७३. डेव्हलपमेंट सर्व्हर असेच असतात आणि ते बरोबरच आहे. लॅपटॉपवर थेट चालवताना बाहेरच्यांना दिसू नये हीच अपेक्षा असते. कंटेनरमध्ये मात्र तोच डीफॉल्ट आड येतो.

डॉकरफाइलमधलं 'एक्स्पोज' यात काहीच करत नाही, हेही इथेच नोंदवतो. ती फक्त माहितीची ओळ आहे. पोर्ट उघडतं ते रन करताना दिलेल्या पब्लिशमुळे किंवा कंपोज फाइलमधल्या (कंटेनरांची मांडणी लिहिलेल्या फाइलमधल्या) पोर्ट्समुळे.

---

पाऊलवाट

०.०.०.० केल्याबरोबर तिन्ही ठिकाणांहून २००. लॉगमध्ये रिक्वेस्टही दिसायला लागल्या. मनापासून आभार. बंद केलेली फायरवॉल आता परत सुरू करतो.

---

निरंक

फायरवॉल सुरू कराच, पण तिच्यावर विसंबू नका. हे अनेकांना माहीत नसतं, म्हणून सविस्तर लिहितो.

समजा व्हीएमवर यूएफडब्ल्यू (उबुंटूची फायरवॉल) लावलंय, त्यात फक्त २२ (एसएसएचचं पोर्ट) उघडं ठेवलंय, तरी डॉकरने पब्लिश केलेलं ८०८० बाहेरून उघडतं. कारण डॉकर नॅट टेबलच्या प्रीरूटिंगमध्ये, म्हणजे पॅकेट आत येताक्षणीच, पत्ता बदलतो. त्यानंतर ते पॅकेट व्हीएमसाठी राहत नाही, कंटेनरकडे पुढे पाठवायचं पॅकेट होतं, आणि फॉरवर्ड साखळीतून (फायरवॉलच्या नियमांच्या एका यादीतून) जातं. यूएफडब्ल्यूचे तुमचे नियम इनपुट साखळीत असतात. त्या नियमांपर्यंत पॅकेट पोहोचतच नाही.

आज नॅटवर आहात म्हणून झाकलेलं आहे. उद्या कोणी व्हीएम ब्रिज्डवर टाकली की ती नेटवर्कमधली स्वतंत्र मशीन होते आणि ८०८०:५००० असं लिहिलेलं पोर्ट त्या नेटवर्कमधल्या प्रत्येकाला खुलं होतं. डेटाबेसचं पोर्ट असंच पब्लिश करून ठेवलेल्या कंपोज फाइली मी पाहिल्या आहेत आणि दर वेळी काळजी वाटते. वेब अ‍ॅपला डेटाबेस हवा असेल तर दोघं एकाच डॉकर नेटवर्कवर सर्व्हिसच्या नावाने बोलतात, त्यासाठी पोर्ट पब्लिश करायची गरजच नसते.

उपाय दोन. एक, पब्लिश करतानाच पत्ता लिहा: १२७.०.०.१:८०८०:५०००. मग ते फक्त व्हीएमच्या लूपबॅकवर राहतं. (डॉकर २८ च्या आधीच्या आवृत्त्यांमध्ये त्याच लेयर-२ नेटवर्कवरचं दुसरं यंत्र इथपर्यंतही पोहोचू शकत होतं, तेव्हा आवृत्ती बघून घ्या.) दोन, नियम 'डॉकर-यूजर' साखळीत लिहा, ती खास त्यासाठीच ठेवलेली आहे. तिथे एक मेख आहे: पॅकेट त्या साखळीत येईपर्यंत पत्ता बदललेला असतो, म्हणून नियमात ८०८० लिहून जुळत नाही, कंटेनरचं ५००० लिहावं लागतं. मूळ पोर्टच हवं असेल तर कनेक्शन ट्रॅकिंगमधून घ्यावं लागतं.

---

मिणमिण

पण १२७.०.०.१:८०८०:५००० केलं तर पाऊलवाट यांचं व्हर्च्युअलबॉक्स फॉरवर्डिंग बंद पडेल ना? ते तर १०.०.२.१५ वर येतं.

---

निरंक

हो, बरोबर पकडलंत. नॅट फॉरवर्डिंग गेस्टच्या १०.०.२.१५ वर उतरतं, लूपबॅकवर नाही. म्हणून त्या उपायाबरोबर एसएसएच टनेल (एसएसएच जोडणीच्या आतून दुसऱ्या पोर्टची वाहतूक नेणारी वाट) लागतं. व्हर्च्युअलबॉक्समध्ये फक्त २२ फॉरवर्ड करा, समजा लॅपटॉपच्या २२२२ वरून, आणि बाकी सगळं टनेलमधून न्या.

---

अनुक्रम

टनेलच्या बाजूने मीही. 'एसएसएच -एन -एल', इथे दोन्ही अक्षरं मोठी, पुढे ८०८०:१२७.०.०.१:८०८०. मधला १२७.०.०.१ व्हीएमच्या नजरेतला असतो, लॅपटॉपच्या नव्हे. आतलं पोर्ट बंद असेल तर ब्राउझरमध्ये नुसतं रीसेट दिसतं, पण एसएसएचच्या खिडकीत 'ओपन फेल्ड, कनेक्शन रिफ्यूज्ड' अशी ओळ पडते. ती खिडकी समोर ठेवा, पाठीमागे ढकलू नका.

'लोकलहोस्ट' लिहिण्याऐवजी १२७.०.०.१ लिहा असंही सुचवेन. लोकलहोस्टचा अर्थ कधी १२७.०.०.१ होतो, कधी आयपीव्ही६ चा ::१. नोड १७ पासून, म्हणजे २०२१ पासून, नोड स्वतः क्रम बदलत नाही, सिस्टिम जो पत्ता आधी देईल तो घेतो. त्यामुळे 'कर्लने चालतं, नोडच्या प्रॉक्सीतून रिफ्यूज्ड' अशी तक्रार आली की मी सगळ्यात आधी हेच बघतो.

---

खडूफळा

माझी व्हीएम होस्ट-ओन्ली नेटवर्कवर (लॅपटॉप आणि त्यातल्या व्हीएमपुरतं नेटवर्क) आहे, १९२.१६८.५६.१०. पान व्यवस्थित उघडतं, पण कॅमेरा वापरणारं पान चालत नाही. कन्सोलमध्ये 'मीडियाडिव्हायसेस अनडिफाइन्ड' येतं. तेच अ‍ॅप व्हीएमशिवाय लॅपटॉपवर चालवलं तर ठीक. परवानगी विचारणारी खिडकीसुद्धा येत नाही.

---

अनुक्रम

ब्राउझर कॅमेरा, सर्व्हिस वर्कर, वेब क्रिप्टो या गोष्टी फक्त सुरक्षित संदर्भात देतो, म्हणजे एचटीटीपीएसवर. लोकलहोस्ट आणि १२७.०.०.१ यांना साध्या एचटीटीपीवरही सूट आहे, कारण रिक्वेस्ट यंत्राबाहेर जात नाही असं ब्राउझर मानतो. १९२.१६८.५६.१० ला ती सूट नाही. म्हणून ती वस्तूच पानात नसते, परवानगी विचारायचा प्रश्न पुढचा.

व्हीएममध्ये प्रमाणपत्र बसवायला जाऊ नका, निदान एवढ्यासाठी नको. टनेल लावा आणि लोकलहोस्ट:८०८० उघडा. अ‍ॅपमध्ये एक अक्षरही बदलावं लागणार नाही.

---

मिणमिण

पत्ता बदलला की होस्ट हेडरही (रिक्वेस्टमध्ये जाणारं साइटचं नाव) बदलतो. जँगोने ४०० दिलं तर अलाउड-होस्ट्स बघा, वीट किंवा वेबपॅकने 'होस्ट' शब्द असलेला नकार दिला तरी तोच प्रकार. रेल्समध्ये ६.० पासून अशी यादी आहे. नेटवर्कचा दोष नाही.

---

उत्तरपत्रिका

एवढी उठाठेव कशाला? कंटेनरला नेटवर्क होस्ट द्यायचं, म्हणजे तो थेट व्हीएमचंच नेटवर्क वापरतो, पब्लिशही नको, नेमस्पेसही नको. व्हीएम तशीही वेगळी आहेच. मी सगळ्या टेस्ट व्हीएमवर हेच करतो.

---

तळटीप

एकच कंटेनर असेल आणि घाईत काही तपासायचं असेल तर करा. कायमचं म्हणून मला पटत नाही. एक तर त्यात पब्लिशचे पर्याय दुर्लक्षित होतात, त्यामुळे ८०८०:५००० लिहिलेलं असलं तरी अ‍ॅप ५००० वरच येतं आणि माणूस ८०८० वर शोधत बसतो. दुसरं अ‍ॅप तेच पोर्ट मागायला आलं की ते सुरूच होत नाही. आणि या धाग्यातली मूळ अडचण त्याने सुटलीच नसती: अ‍ॅप १२७.०.०.१ वर ऐकत राहिलं असतं, फक्त कंटेनरच्या ऐवजी व्हीएमच्या, आणि नॅट फॉरवर्डिंग १०.०.२.१५ वर उतरलं असतं.

शोध घेताना मात्र तो पर्याय उपयोगी आहे. होस्ट नेटवर्कवर चाललं आणि डॉकरच्या नेहमीच्या ब्रिज नेटवर्कवर नाही, तर दोष डॉकरच्या नेटवर्कच्या हद्दीत आहे हे लगेच कळतं.

---

उत्तरपत्रिका

शोधापुरतं वापरायचं, मान्य. कंपोज फाइलमधून काढतो.

---

रात्रपाळी

आत येणाऱ्या रिक्वेस्टबद्दल सगळं बोलून झालंय, बाहेर जाणाऱ्यांबद्दल एक अनुभव टाकतो. भाड्याची व्हीएम होती, त्यातला कंटेनर बाहेरच्या एका एपीआयला विचारायचा. अ‍ॅपचं पान उघडायचं, लॉगिन व्हायचं, आणि एपीआय लागणाऱ्या पानावर चाक फिरत राहायचं. एरर नाही, शेवटी टाइमआउट. व्हीएमच्या शेलमधून तोच कर्ल केला तर लगेच उत्तर. सगळ्यांचा संशय अ‍ॅपवर.

कंटेनरमधून कर्ल -व्ही केल्यावर दिसलं की टीसीपी जोडणी होते, टीएलएसचा क्लायंट हॅलो जातो आणि तिथेच थांबतं. व्हीएमवर टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारं साधन) लावला: छोटी पॅकेट येत-जात होती, प्रमाणपत्र घेऊन येणारी मोठी पॅकेट येतच नव्हती. व्हीएमच्या नेटवर्क कार्डाचा एमटीयू (एका पॅकेटची कमाल लांबी, बाइटमध्ये) १४५० होता आणि डॉकर०चा (डॉकरच्या डीफॉल्ट ब्रिजचा) १५००. व्हीएम स्वतः जोडणी करताना समोरच्याला लहान तुकडे पाठवायला सांगते. कंटेनरला १४५० ची कल्पनाच नाही, तो मोठे मागतो आणि ते वाटेत पडतात.

पडताळायला पिंगमध्ये तुकडे न करण्याचा पर्याय लावून १४७२ बाइट पाठवा. २८ बाइट हेडरचे धरून १५०० होतात. ते गेलं नाही आणि १४२२ गेलं, तर एमटीयू १५०० पेक्षा कमी आहे, पण निदान १४५० आहे. डॉकर डीमनच्या सेटिंगच्या जेसन फाइलमध्ये एमटीयू लिहून डॉकर रीस्टार्ट केलं. लक्षात ठेवायचं ते हे की ती नोंद डीफॉल्ट ब्रिजला लागते. कंपोज स्वतःचं नेटवर्क बनवतो, त्याला कंपोज फाइलमध्ये ड्रायव्हर ऑप्शनमधून वेगळा एमटीयू द्यावा लागतो. आम्ही पहिलं केलं, कंपोजच्या कंटेनरला फरक पडला नाही, दुसरं केल्यावर एपीआयची पानं उघडायला लागली.

व्हीपीएनवरून काम करणाऱ्यांनाही हेच भोवतं.

---

खडूफळा

टनेलने कॅमेरा चालू झाला, आभार. आता डीबगरचं विचारतो. पीएचपीचं अ‍ॅप, कंटेनरमध्ये एक्सडीबग ३ (पीएचपीचा डीबगर), एडिटर लॅपटॉपवर. ९००३ पब्लिश केलंय, टनेलही लावलंय, तरी ब्रेकपॉइंटला काही थांबत नाही. नोडच्या अ‍ॅपला अशाच पद्धतीने ९२२९ लावलं तर लगेच जोडलं गेलं.

---

तळटीप

दोघांची दिशा उलटी आहे, त्यामुळे नोडचा अनुभव इथे लागू पडत नाही.

नोडमध्ये डीबगर कंटेनरमध्ये ऐकत बसतो आणि एडिटर बाहेरून जोडला जातो. जावाचं तेच, पायथनच्या डीबगपायचंही तेच. त्यांच्यासाठी या धाग्यात वर लिहिलेलं सगळं लागू: आत ०.०.०.० वर ऐका, व्हीएमवर १२७.०.०.१ ला पब्लिश करा, टनेलने आणा. जावा ९ पासून नुसतं ५००५ लिहिलं तर ते फक्त लूपबॅकवर ऐकतं, म्हणून *:५००५ लिहायचं. आणि ही पोर्टं नेटवर्कवर उघडी ठेवू नका. डीबगरला जोडता येणारा माणूस तुमच्या प्रोसेसमध्ये हवा तो कोड चालवू शकतो.

एक्सडीबग मात्र कंटेनरमधून बाहेर निघतो आणि एडिटरला शोधत येतो. ऐकतो तो एडिटर, लॅपटॉपच्या ९००३ वर. म्हणून ९००३ पब्लिश करण्याला काही अर्थ नाही, ते काढून टाका. प्रश्न एवढाच की कंटेनरला लॅपटॉपचा पत्ता काय सांगायचा. बहुतेक ठिकाणी एक्सडीबगच्या क्लायंट-होस्ट सेटिंगमध्ये 'होस्ट.डॉकर.इंटर्नल' लिहिलेलं सापडेल. लिनक्सवर ते नाव आपोआप नसतं, डॉकर २०.१० पासून होस्ट-गेटवे देऊन जोडता येतं. पण व्हीएममध्ये तो 'होस्ट' म्हणजे व्हीएम, लॅपटॉप नव्हे. कंटेनर एक पायरी वर येऊन थांबतो, लॅपटॉप त्याच्याही वर आहे.

तुम्ही होस्ट-ओन्लीवर आहात तर क्लायंट-होस्टमध्ये थेट १९२.१६८.५६.१ लिहा. नेहमीच्या मांडणीत तो लॅपटॉपचा पत्ता असतो. एक्सडीबगचा लॉगही चालू करा. कोणत्या पत्त्याला जोडायचा प्रयत्न केला आणि काय झालं, हे तो स्पष्ट लिहितो.

---

निरंक

होस्ट-ओन्ली नसेल, फक्त एसएसएच असेल, तर उलटं टनेल: '-एल'च्या जागी '-आर', मोठा आर. त्यात अडचण अशी की ते व्हीएमच्या लूपबॅकवर उघडतं आणि कंटेनरला तिथे पोहोचता येत नाही. व्हीएमच्या एसएसएच सर्व्हरमध्ये 'गेटवेपोर्ट्स क्लायंटस्पेसिफाइड' करून टनेल १७२.१७.०.१:९००३ वर उघडायचं, मग होस्ट-गेटवे बरोबर तिथे नेऊन सोडतो.

आणि इथे यूएफडब्ल्यू आडवं येतं. मी वर लिहिलं त्याच्या बरोबर उलट: कंटेनरकडून व्हीएमच्या स्वतःच्या पत्त्यावर येणारं पॅकेट इनपुट साखळीतूनच जातं. १७२.१६.०.०/१२ कडून ९००३ ला परवानगी देणारा नियम घाला, नाहीतर टाइमआउट.

---

खडूफळा

लॉगमध्ये 'टाइमआउट' होतं, लॅपटॉपच्या फायरवॉलने ९००३ अडवलं होतं. तिथे फक्त होस्ट-ओन्ली नेटवर्कला वाट दिली आणि आता लॉगमध्ये 'कनेक्टेड' येतंय. पण एडिटर पहिल्याच ओळीला थांबतो आणि फाइल सापडत नाही म्हणतो. माझे ब्रेकपॉइंट तो धरतच नाही.

---

तळटीप

नेटवर्क झालं. आता पाथ मॅपिंग. एक्सडीबग एडिटरला कंटेनरमधला मार्ग सांगतो, समजा /व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू/एचटीएमएल/इंडेक्स.पीएचपी. लॅपटॉपवर ती फाइल दुसऱ्याच फोल्डरमध्ये आहे. एडिटरच्या सेटिंगमध्ये कंटेनरमधला मूळ फोल्डर आणि लॅपटॉपवरचा प्रकल्पाचा फोल्डर यांची जोडी लिहा. व्हीएममधला मार्ग मध्ये आणू नका, डीबगरला व्हीएम दिसतच नाही. जोडी बरोबर बसली की ब्रेकपॉइंटचा पोकळ ठिपका भरीव होतो.

---

खडूफळा

भरीव झाला. व्हेरिएबल दिसतायत. एकच राहिलं: व्हर्च्युअलबॉक्सच्या शेअर्ड फोल्डरमधली जावास्क्रिप्टची फाइल लॅपटॉपवर बदलली तर वीट आपोआप रीलोड करत नाही. रीस्टार्ट केलं की बदल दिसतो.

---

मिणमिण

लॅपटॉपवर केलेल्या बदलाची आयनोटिफायची (फाइल बदलली हे कळवणारी लिनक्सची यंत्रणा) सूचना शेअर्ड फोल्डरमधून व्हीएमला मिळत नाही. फाइल बदललेली असते, वीटला कोणी सांगत नाही. वीटच्या वॉच सेटिंगमध्ये पोलिंग (फाइली स्वतःच पुन्हा पुन्हा तपासणं) चालू करा आणि नोड मॉड्यूल्सचा फोल्डर शेअर्डमधून काढून कंटेनरच्या व्हॉल्यूमवर ठेवा. सीपीयू थोडा जास्त खाईल. ते नको असेल तर कोड व्हीएममध्येच ठेवा आणि एडिटर एसएसएचने तिथे जोडा, मग आयनोटिफाय नेहमीसारखं चालतं. पाथ मॅपिंगमध्ये तेव्हा लॅपटॉपच्या फोल्डरऐवजी व्हीएममधला फोल्डर लिहावा लागेल.